मीनाच्या वाटेने व्हिटबी

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात खोली घेतली ती मुद्दाम पश्चिमेच्या कड्यावर, रॉयल क्रेसेंटच्या जवळ. तिथल्या सहा नंबरच्या घरात १८९० च्या उन्हाळ्यात ब्रॅम स्टोकर उतरला होता. त्याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी छापून यायला त्यानंतर सात वर्षं गेली.

कादंबरीतली नायिका मीना इथे मैत्रिणीबरोबर, लूसीबरोबर, राहत असते. एका रात्री तिला जाग येते, तर लूसी अंथरुणात नाही. मीना कड्याच्या टोकाशी जाते आणि बंदरापलीकडे बघते. पूर्वेच्या कड्यावर, चर्चच्या आवारातल्या त्यांच्या नेहमीच्या बाकावर काहीतरी पांढरं, आणि त्यावर ओणवलेलं काहीतरी काळं. मग ती धावत सुटते. ती वाट एकदा चालून बघायची होती.

पायऱ्या उतरून बंदर, मासळीबाजार, मग पूल. पलीकडच्या गल्लीत धुरावलेल्या हेरिंगचा वास कोंडलेला, आपल्या सुकटीचा लांबचा नातेवाईक शोभेल असा. तिथेच एका सीगलने माझ्या हातातला तळलेला कॉड पळवला. रक्त पिणारे परवडले. पुढे त्या प्रसिद्ध १९९ पायऱ्या. साठापर्यंत मोजल्या, नंतर श्वास मोजत बसलो. मीनाने हे सगळं रात्री, धावत केलं. मला पंचवीस मिनिटं लागली.

वर सेंट मेरी चर्च, मागे पडक्या ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, कमानी, आणि सगळीकडे थडगी. खाऱ्या वाऱ्याने दगड पोळ्यासारखे पोखरलेत, नावं पुसून गेलीत. स्टोकरने इथलीच नावं वहीत उतरवून घेतली होती. कादंबरीतल्या बडबड्या म्हाताऱ्या खलाशाचं आडनाव, स्वेल्स, तेही इथल्याच एका दगडावरचं. ड्रॅक्युलाचं थडगं कुठे आहे असं विचारू नका, ते नाहीच, अशी पाटी चर्चवाल्यांना लावावी लागली आहे.

मला त्या बाकापेक्षा परतीची वाट जास्त आवडते. मीना लूसीला शाल पांघरते, गळ्याशी सेफ्टी पिन लावते, स्वतःचे बूट तिला घालते. आणि रस्त्यात कोणी भेटलंच तर अनवाणी पाय लक्षात येऊ नयेत म्हणून आपल्या पायांना चिखल फासते. दुसऱ्या दिवशी लूसीच्या गळ्यावर दोन ठिपके दिसतात, तर ही बिचारी माफी मागते, माझीच पिन टोचली म्हणून!

कड्याखाली टेट हिलची वाळू दिसते. २४ ऑक्टोबर १८८५ ला नार्वाहून आलेलं 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज इथे वाळूत रुतलं होतं. स्टोकरने नार्वाचं वार्ना केलं, दिमित्रीचं डेमेटर, कप्तानाला मेलेल्या अवस्थेत सुकाणूच्या चाकाला बांधलं आणि जहाजावरून एक अवाढव्य कुत्रा किनाऱ्यावर सोडला. तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. जहाजात मातीने भरलेले ५० खोके होते, त्यांचं काय झालं? ते रीतसर व्हिटबीच्या एका वकिलाच्या नावावर आले होते. वकिलाचा पत्ता स्टोकरने दिलाय सात, द क्रेसेंट. म्हणजे आपल्याच बिऱ्हाडाच्या शेजारी बसवला की त्याला! पुढे खोके मालगाडीने लंडनला, किंग्ज क्रॉसला. ड्रॅक्युलासारखा सैतान या देशात शिरला तो बिल्टी फाडून, हमाली चुकती करून.

आणि तो सापडतो तोही तसाच. लसूण, क्रूस वगैरे आहेच, पण खोके कुठे गेले हे कळतं ते पावत्या चाळून आणि गाडीवाल्यांना चार पैसे देऊन. मीना सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करून तारखांप्रमाणे लावते. आगगाड्यांचं वेळापत्रक तिला तोंडपाठ. ड्रॅक्युला ते टाइप केलेले कागद जाळतो, पण एक प्रत तिजोरीत असतेच. शाळेच्या ऑफिसात मी तीस वर्षं काढली, त्यामुळे असेल, पण चांगुलपणाची ही फाइलबंद बाजू मला फार पटते.

रात्री जेवून पुन्हा कठड्याशी गेलो. चांदणं होतं. पलीकडे चर्चचा नुसता काळा ठोकळा. बाकावर कोणी बसलंय की नाही, काही कळेना.

"एवढ्या लांबून मीनाला दिसलं तरी कसं?" मी विचारलं.

"तिचा चष्मा हॉटेलवर राहिला नव्हता," बायको म्हणाली.