पोच

वाईच्या घरातला कॉम्प्युटर रोज सकाळी दारातच अडून बसतो, अशी अप्पांची तक्रार दिवाळीपासून चालू होती. मी ती फारशी मनावर घेतली नव्हती. एकदा फोनवर विचारलं, "अडतो म्हणजे नक्की काय करतो?"

"काळा पडदा आणतो आणि मेनू दाखवतो."

"काय काय आहे मेनूत?"

अप्पांनी चष्मा शोधला आणि हॉटेलातल्या वेटरसारखं एका दमात म्हणून दाखवलं. उबुंटू, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू, मेमरी टेस्ट, आणि खाली पुन्हा मेमरी टेस्ट, तिला पुढे कंसात शेपूट. मग जरा थांबून म्हणाले, "ही मेमरी टेस्ट कुणाची घेणार आहे? त्याची की माझी?"

हा डबा मीच त्यांना दिलेला. पुण्यात माझ्याकडे जुना झाला, तेव्हा त्यावर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम, घालून वाईला नेऊन ठेवला. अप्पा त्यावर दोन वर्तमानपत्रं वाचतात, पेन्शनचा हिशेब ठेवतात आणि बुद्धिबळात हरतात. एवढ्यासाठी त्याने रोज सकाळी मेनू कार्ड पुढे करावं, याचा त्यांना राग होता. त्यातून अप्पांना प्रत्येक ओळ नीट वाचायची सवय, म्हणून ते बाणाचं बटण दाबून खाली-वर जायचे. तो मेनू खरं तर तीस सेकंद वाट पाहून आपला आपण पुढे जातो. पण बाणाला हात लावला की त्याची उलटी मोजणी थांबते आणि कुणीतरी एंटर मारेपर्यंत तो तसाच उभा राहतो. म्हणजे अप्पा वाचत होते म्हणून तो थांबत होता, आणि तो थांबतो म्हणून अप्पा पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.

शेवटी एका शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडली.

पहिला संशय मदरबोर्डवरच्या, म्हणजे डब्यातल्या मुख्य पाटीवरच्या सेलवर घेतला. रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, हे त्याच्या नावातच लिहिलेलं. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालतं ते याच्या जिवावर. तो संपला की मशीन तारीख-वेळ विसरतं आणि सुरू होताना एफ-वन दाबा म्हणून अडतं. आता अप्पांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ अगदी बरोबर होतं, म्हणजे सेलवर संशय घ्यायला काडीचं कारण नव्हतं. तरी बदलला. काही आलं नाही की माणूस आधी सेल बदलतो. आमच्याकडे रिमोटपासून हीच रीत आहे. मेनू अर्थातच पुन्हा आला.

मेनू दाखवणाऱ्या या दारवानाचं नाव ग्रब. भौतिकशास्त्रातल्या 'ग्रँड युनिफाइड थिअरी'ची थट्टा म्हणून १९९५ साली एरिक बोलेन यांनी आपल्या कार्यक्रमाला 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर' नाव दिलं, त्याचं हे लघुरूप. इंग्रजीत ग्रब म्हणजे अळी. विश्वाचं कोडं सोडवायला निघालेल्या नावाची शेवटी अळी व्हावी, हे मला फार आवडतं. कॉम्प्युटर चालू केला की उबुंटूच्या आधी हा उठतो, त्याला हाक मारतो आणि बाजूला होतो. एकच घर असलेल्या मशीनवर, म्हणजे जिथे विंडोजबिंडोज नाही तिथे, तो सहसा तोंडही दाखवत नाही. मग इथे रोज का दाखवत होता?

रात्री अप्पा झोपल्यावर शोधत बसले आणि एक छोटीशी फाइल सापडली. बरोबर १०२४ बाइटची, ना एक कमी ना एक जास्त. उघडली तर जवळपास सगळी # या चिन्हांनी भरलेली, शाळेच्या वहीचं उरलेलं पान रेघोट्या मारून भरावं तशी. ग्रब जागा होतो तेव्हा डिस्कचा कारभार बघणारा उबुंटू अजून उठलेला नसतो, त्यामुळे त्याला फाइल लांबवता येत नाही; आहे त्याच जागेवर खोडून लिहिता येतं. म्हणून हा आधीच मापून दिलेला कागद. त्या सगळ्या #च्या गर्दीत एक ओळ होती: रेकॉर्डफेल बरोबर एक.

ही ओळ म्हणजे काय, ते मी सकाळी चहा पिताना अप्पांना सांगायला लागले. म्हटलं, ग्रब उबुंटूला रवाना करतो ना, तेव्हा निघतानाच वहीत लिहून ठेवतो: 'गेला, अजून पोचला नाही.' उबुंटू नीट सुरू झाला की त्याचा एक माणूस येऊन ती ओळ पुसतो. पुसली असेल, तर दुसऱ्या दिवशी ग्रब काही न विचारता सोडतो. ओळ तशीच असेल, तर त्याला वाटतं की मागच्या खेपेला वाटेत घात झाला. मग तो मेनू पुढे करतो, की बाबा, नेहमीच्या वाटेने जायचंय की जुन्या...

"पोच आली नाही," अप्पा म्हणाले.

अप्पा चौतीस वर्षं पोस्टात होते, शेवटची अकरा पोस्टमास्तर. मी अर्धा तास जे घोळवून सांगणार होते, ते त्यांनी तीन शब्दांत संपवलं. "रजिस्टर ए.डी. गेली आणि सहीचं कार्ड परत आलं नाही, तर पत्र पोचलंच नाही असं आम्ही धरत नव्हतो. पण चौकशी लावायचो. बरोबर आहे त्याचं." मेनूवरचा त्यांचा राग तिथेच उतरला. आतून आईचा आवाज आला, "मग पोच आणणारा माणूस कुठे मेलाय?"

हा प्रश्न यायला नको होता.

आमच्या घरात पोचण्याला फार महत्त्व. मी पुण्याला हॉस्टेलवर होते तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता, शेजारी होता. एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांना दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. उचलला तर पैसे पडतील, म्हणून कुणी उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे पोचले. एकदा विसरले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्टेलच्या फाटकाशी अप्पा उभे. काही बोलले नाहीत. पेढे दिले आणि पुढच्या गाडीने परत गेले. त्यानंतर कित्येक महिने निघताना आई तीनतीनदा विचारायची, नक्की जातेस ना, उद्याच्या गाडीने गेलीस तर?

तर, तो पोच आणणारा माणूस. त्याला मीच घरी बसवला होता. कॉम्प्युटर अप्पांना देण्याआधी तो जरा चपळ करावा, म्हणून मी कुठली कामं सुरुवातीला किती वेळ खातात याची यादी काढली होती. ती काढणाऱ्या हुकमाचं नावच 'ब्लेम', म्हणजे दोष. यादीत ग्रब-कॉमन नावाचा एक इसम चार सेकंद घेताना दिसला. हा कोण, करतो काय, हे न बघता मी त्याला बंद केलं. एखाद्या ऑफिसात नवा साहेब येतो आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या माणसाला विचारतो, तुम्ही नेमकं काय करता हो? तसंच. मी तर विचारलंही नाही. आणि खरी गंमत अशी, की ही सगळी कामं एकमेकांच्या बरोबरीने चालतात. एकाचे चार सेकंद कापले म्हणून एकूण चार सेकंद वाचतातच असं नाही.

एका ओळीत त्याला पुन्हा कामावर घेतलं. अप्पा आणि आई खुर्च्या ओढून बसले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

मेनू आला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, ही मागची थकबाकी आहे, आज आत गेला की पुसली जाईल. अप्पांनी एंटर मारला, उबुंटू वर आला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी मात्र पडदा नुसता क्षणभर काळा राहिला आणि थेट घाटाचं चित्र. कृष्णेला पाणी आहे, ढोल्या गणपती मागे बसलेला.

"पोचला," आई म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

अप्पा चित्राकडे बघत बसले होते. "त्या माणसाला बंद करून तुझे किती वाचणार होते म्हणालीस?"

"चार सेकंद."

"रोजचे?"

"रोजचे."

त्यांनी मनात काहीतरी गुणाकार केला. पोस्टातली माणसं बोटं न हलवता करतात तसा. "मग त्याचं काय केलंस?"