तीस जुलैचा डेड बोर्ड

काकांनी लॅपटॉप तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणला होता. रत्नागिरीचा जुलै म्हटल्यावर ते ठीकच. माझ्या रिपेअरच्या दुकानात काउंटरवर ठेवत म्हणाले, "अरे, उद्या एकतीस तारीख, शेवटचा दिवस. अजून बावीस जणांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरायची आहेत आणि सगळं यात आहे." मग खुर्ची ओढून बसले. मी ओळखलं, हे आता घरी जायचे नाहीत.

ही २०२४ सालची गोष्ट. आदल्या दिवशी एका दुकानात 'मदरबोर्ड गेला, नवीन टाका, आठवडा लागेल' असं ऐकून झालं होतं. मी म्हटलं, डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावू, आजचं काम भागेल. लावली, तर बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीने, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. काका माझ्याकडे बघायला लागले. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती सापडू शकते, पण ते खातं लॅपटॉप विकणाऱ्या पोराने काढून दिलेलं. कुठल्या मेलवर, कुठल्या नंबरवर, यांना काही पत्ता नाही. रोज ते कुलूप बोर्ड स्वतःच उघडत होता. म्हणजे नवीन बोर्ड टाकूनही बावीस रिटर्न्स आतच राहणार. हाच बोर्ड उठवायला हवा होता.

भाच्याने बोर्ड खोलला, स्क्रू वाटीत टाकले. मी बॅटरी बाजूला ठेवून डीसी सप्लाय १९ व्होल्टवर लावला. करंट ०.०१ अँपिअर. बटण दाबलं, आकडा हलेना.

अ‍ॅडॉप्टरचे १९ व्होल्ट आधी दोन मॉस्फेटमधून, म्हणजे इवल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, जातात, ते मुख्य लाइनवर येतात आणि तिथून सगळ्या बोर्डाचा संसार चालतो. मॉस्फेटच्या अलीकडे १९ होते, पलीकडे शून्य. मीटर लावला, मुख्य लाइन ते ग्राउंड ०.६ ओहम. सरळ शॉर्ट. चार्जिंग आयसी बिचारा शहाणा, पुढे शॉर्ट दिसल्यावर दरवाजाच उघडत नव्हता.

अशा वेळी कुठला भाग तापतो ते शोधायला नवीन पोरं थेट लाइनमध्ये व्होल्टेज सोडतात, आणि तिथेच कधी कधी बोर्ड खरोखरच मरतो. प्रोसेसरला लागतो साधारण एक व्होल्ट. १९ वरून तो एक करणाऱ्या जोडीतला वरचा मॉस्फेट आरपार गेला असेल, तर तुम्ही सोडलेलं सगळं कॉइलमधून थेट प्रोसेसरच्या डोक्यात. म्हणून आधी मुख्य लाइन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यामध्ये मीटर धरला. ओहम बऱ्यापैकी आले, शून्याजवळ नाहीत. वरचा मॉस्फेट शाबूत. तरीही सप्लाय एका व्होल्टवरच ठेवला, मग वायर टेकवली. दीड-पावणेदोन अँपिअर खेचायला लागला.

बोर्डावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. सगळीकडे ओली चकाकी, आणि मग एका कोपऱ्यात ती चकाकी गोल गोल आत ओढली गेल्यासारखी सुकली. मधोमध एक सिरॅमिक कपॅसिटर, तिळाएवढा. बोटाने शिवलं तर चटका. काकांना भिंगातून दाखवला. ते म्हणाले, "एवढ्याशाने?" त्याच्या एका टोकाला केसासारखा तडा होता. लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलायची सवय असली की बोर्ड किंचित वाकत राहतो, आणि हे कपॅसिटर वाकणं सहन करत नाहीत. "तुम्ही कसा उचलता?" असं विचारल्यावर काकांनी हवेतच एका हाताने उचलून दाखवला. बरोबर तोच कोपरा.

भंगार बोर्डावरून तसाच कपॅसिटर काढून लावला. शॉर्ट गेला, १९ आले, ३.३ आणि ५ व्होल्ट आले. साडेबारा वाजले होते. मी काकांना म्हटलं, "जेवून या, तोवर चालू होतो." हे बोलायला नको होतं.

बटण दाबलं. काही नाही. करंट ०.०३ वर येऊन बसलेला. बटणाच्या पिनवर ३.३ होते, दाबलं की शून्य, सोडलं की परत ३.३. म्हणजे निरोप पोहोचत होता, पण त्यावर पुढे हुकूम देणारा कंट्रोलर ढिम्म. त्याचा सप्लाय बघितला, क्रिस्टल बघितला, रॅम बदलली. अ‍ॅडॉप्टर लागल्याचा सिग्नल होता. दोन वाजले, तीन वाजले. काका जेवून परत आले, येताना आमच्यासाठी वडे घेऊन आले, त्यामुळे तर अजूनच कानकोंडं झालं.

शेवटी आमच्या धंद्यात सगळे जातात तिथे मी गेलो: बायॉस, म्हणजे बोर्डाला जागं करणारा मूळ प्रोग्राम, खराब असणार. आठ एमबीची चिप काढायची, वाचून ठेवायची, दुसरी फाइल भरायची. एरवी मी ते चहा पिता पिता करतो. पण इथे बिटलॉकर होता. बायॉस पुसून दुसरा भरला, तर लॅपटॉप चालू होऊनसुद्धा तीच ४८ आकडी की मागेल, ही दाट शक्यता. काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुला काय वाटतं ते कर." गिऱ्हाईक असं म्हणालं की जबाबदारी दुप्पट होते, त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं.

चिपचं सोल्डर वितळवायला हॉट एअर गन ३८० अंशांवर ठेवली, फ्लक्स लावलं, गन हातात घेतली आणि लाईट गेली.

दुकानाच्या इन्व्हर्टरवर डीसी सप्लाय आणि एक दिवा चालतो, हॉट एअर नाही. टेबलावर अंधार. बसून काय करायचं, म्हणून सप्लायसकट बोर्ड खिडकीपाशी नेला, त्या उजेडात सांधे पुन्हा बघावेत म्हणून. बघता बघता सवयीने बटण दाबलं.

पंखा फिरला. ०.०३, ०.४, १.१.

काका उभे राहिले. मी नाही राहिलो, कारण मला काहीच कळलं नव्हतं. काही न करता चालू झालेला बोर्ड काही न करता बंदही होतो. बंद करून परत टेबलावर आणला. डेड. खिडकीपाशी नेला, चालू. टेबलावर, डेड. तीनदा केलं. भाचा म्हणाला, "मामा, वास्तुदोष."

हसलो, आणि मग टेबलाकडे नीट बघितलं. बोर्ड ठेवायचो त्याच्या डाव्या कडेला लागून स्क्रूंची वाटी. साधी नव्हे. गॅरेजवाले नट-बोल्ट ठेवतात ती, बुडाला जाड चुंबक असलेली. आठवड्यापूर्वीच कौतुकाने घेतली होती. आणि बोर्डाच्या नेमक्या त्या कडेला तीन पायांचा हॉल सेन्सर. झाकणातल्या चुंबकावरून लॅपटॉप मिटलाय की उघडा हे कळवणारा. त्याच्या आउटपुटवर मीटर ठेवला, शून्य. वाटी वीतभर सरकवली, ३.३. सकाळपासून कंट्रोलर समजत होता की झाकण मिटलंय, आणि झाकण मिटलेलं असताना बटण दाबलं तर या मॉडेलचा कंट्रोलर लक्ष देत नाही. त्याचं चुकलं काहीच नव्हतं. काकांना कसा उचलता, कुठे ठेवता, काही सांडलं का, सगळं विचारून झालं होतं. माझ्या टेबलावर काय आहे, एवढं सोडून.

चिपवरचं फ्लक्स पुसून काढलं. अजून दोन मिनिटं लाईट राहिली असती तर ती चिप हातात आली असती.

सगळं जोडून सहा वाजता चालू केला. किल्ली न मागता थेट डेस्कटॉप आला. काकांना पहिल्यांदा तीच ४८ आकडी की काढून कागदावर लिहायला लावली, दोन प्रती. मग ते तिथेच काउंटरवर बसून कामाला लागले. पाऊस कोसळत होता आणि घरी वीज असेलच असं नव्हतं. साडेदहाला नऊ रिटर्न्स भरून उठले.

"किती द्यायचे?"

अठराशे सांगितले. कपॅसिटरचे आणि शोधण्याचे. दुपारनंतरच्या तासांबद्दल मी काही बोललो नाही. शटर ओढताना भाच्याने विचारलं, "मामा, वाटीचे धरले का?"