बाबांचा डावा हात

दुसरा गिअर पडेनासा झाला तो जोतिबाच्या चढावर. पडेनासा म्हणजे पडायचा, पण आधी खर्रर्र करून पंचक्रोशीला कळवायचा आणि मग पडायचा. मागे आई गुलालाची पुडी आणि खोबऱ्याच्या वाट्या मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "देवाच्या दारात तरी नीट चालव रे." चालवत मी होतो. शेजारी बाबा. ते काहीच बोलले नाहीत, म्हणजे चूक माझीच होती.

आमची गाडी 1996 ची मारुती 800, चार गिअरवाली. कंपनीने ही गाडी बनवणं 2014 च्या जानेवारीत थांबवलं. तो निर्णय आमच्या घरापर्यंत अजून पोहोचलेला नाही. मिस्त्रींनी एक चक्कर मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "उघडत बसायला परवडत नाही. जुन्या गाडीचा आख्खा गिअरबॉक्स बसवू." हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. पण दुसऱ्या कोणाच्या गाडीचा बॉक्स आपल्या गाडीत, हे मला उसनी कवळी लावल्यासारखं वाटलं. घरीच उघडू म्हटलं. दोन रविवारांचं काम धरलं होतं, पाच गेले.

उतरवण्याचं फार सांगत नाही, ती नुसती हमाली असते. बॅटरी काढा, स्टार्टर काढा, क्लचची केबल सोडा, चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट ओढा, इंजिनाखाली जॅकवर लाकडाचा ठोकळा द्या, आणि मग दोघांनी मिळून बॉक्स खाली घ्या. दुसरा गडी म्हणजे शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा. त्याला चार वर्षांत गिअरबॉक्सची आकृती काढता येत होती, प्रत्यक्षातला पाहून तो म्हणाला, "हा एवढासाच असतो?"

तेल मात्र बघण्यासारखं होतं. पातेल्यात काढून उन्हात धरलं तर आत सोन्याची धूळ. चुंबक फिरवला, थोडा लोखंडाचा काळा चिखल त्याला लागला, सोनं तसंच तरंगत राहिलं. लोखंड चुंबकाला धरतं, पितळ धरत नाही. आणि गिअरबॉक्समध्ये पितळ म्हटलं की पहिला संशय सिंक्रो रिंगवर.

गिअर टाकला की आतली दोन चाकं सरकत येऊन एकमेकांत अडकतात, अशी माझी आयुष्यभराची समजूत होती. तसं नसतं. पुढे जायच्या सगळ्या गिअरांचे दाते कायम एकमेकांतच असतात, फक्त शाफ्टवर मोकळे फिरत असतात. आपण दांड्याने सरकवतो ती एक कडी, स्लीव्ह. ती ज्या गिअरला शाफ्टशी बांधेल, तो गिअर पडला. आता शाफ्ट एका वेगाने फिरतोय, गिअर दुसऱ्या. एकदम बांधले तर खर्रर्र. म्हणून मध्ये ही पितळी रिंग. ती गिअरच्या उतरत्या शंकूवर घासते, वेग सारखा करते, आणि वेग जुळेपर्यंत स्लीव्हला पुढे येऊ देत नाही. दारातल्या आजीसारखी: आधी पाय धू, मग आत ये.

ही युक्ती अमेरिकेतल्या अर्ल थॉम्पसनची. 1928 मध्ये कॅडिलॅकच्या गाड्यांत ती आली. त्याआधी, आणि ती नसलेल्या गाड्यांत नंतरही, हे काम ड्रायव्हरच्या पायाला करावं लागे. लहानपणी कोकणात जाताना एसटीत मी हट्टाने ड्रायव्हरजवळची जागा धरायचो. करूळ घाटात तो लांबलचक थरथरणारा दांडा, आणि प्रत्येक गिअरला क्लच दोनदा: एकदा दाबून न्यूट्रल, मध्ये अ‍ॅक्सिलरेटरचा एक हुंकार, पुन्हा दाबून गिअर. मला वाटायचं, क्लच नादुरुस्त आहे बिचाऱ्याचा. तो माणूस पितळी रिंगेचं काम तळपायाने करत होता हे कळायला मला अंगणात डिझेलने हात धुवावे लागले. (रॉकेलनेच पार्ट धुवायचे असतात, पण रॉकेल आता शोधून मिळत नाही.)

जुन्या 'पुढारी'वर एकेक पार्ट क्रमाने मांडत गेलो आणि हळूहळू लक्षात आलं, आपण दुरुस्ती करत नाही, पंचनामा करतोय.

दुसऱ्या गिअरची रिंग शंकूवर दाबली की रिंग आणि गिअर यांच्यात फट राहायला हवी. अर्ध्या मिलीमीटरच्या आत आली की रिंग संपली. आमच्या फटीत सर्वांत पातळ फीलरसुद्धा, म्हणजे फट मोजायची पत्र्याची पट्टी, जाईना. पहिल्याची रिंग बरी होती, तिसऱ्याचीही, चौथ्याची तर जवळजवळ कोरी. दुसऱ्याचाच जीव का जावा? कारण पहिल्या-दुसऱ्यातलं वेगाचं अंतर सर्वांत मोठं, रिंगेला ओढाताण जास्त. आणि कारण आमची गल्ली. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत पाच स्पीडब्रेकर. जाताना पाच, येताना पाच, प्रत्येकाला तिसऱ्यातून दुसरा. हे पाचही नगरसेवकाकडे अर्ज करून करून आईनेच आणवले आहेत.

मग रिव्हर्स. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. इथे मात्र खरोखरच एक चाक सरकत येऊन मध्ये बसतं. दाते सरळ, म्हणून मागे जाताना गाडी ती विशिष्ट रडते. त्या चाकाच्या चार दात्यांची टोकं उडालेली. गाडी पुढे चालत असतानाच रिव्हर्स टाकणारा माणूस घरात एकच होता. वय अठरा, लायसन्स नवं, आणि कॉलेजच्या गेटसमोर गाडी झोकात वळवायची असायची. ते चाक मी जरा लांब, कुंडीच्या आडोशाला ठेवलं.

आणि तिसऱ्या-चौथ्याचा फोर्क. फोर्क म्हणजे स्लीव्हला धरून सरकवणारा दुबेळका. त्याच्या दोन्ही बोटांची एकच बाजू झिजून आरशासारखी झालेली, चौथ्याकडे रेटणारी. दुसरी बाजू नव्यासारखी. फोर्कने गिअर टाकण्यापुरतं ढकलायचं आणि मोकळं व्हायचं. स्लीव्ह फिरत राहते, फोर्क नुसता खोबणीत उभा. तो एकाच बाजूने इतका झिजतो कधी? दांड्यावर सतत कोणीतरी भार देत असेल तेव्हा.

कोल्हापूर-पुणे महामार्ग. उजवा हात स्टिअरिंगवर, चौथा गिअर, आणि डावा पंजा दांड्याच्या गोळ्यावर पेपरवेटसारखा. माझ्या आठवणीतले गाडी चालवणारे बाबा असेच आहेत. साताऱ्याला चहापुरता तो हात उचलायचा. फोर्क हातात धरला तर त्या झिजेचा गुळगुळीतपणा ओळखीचा वाटला. आमच्या जिन्याच्या कठड्याला आजीच्या हाताने आलाय तसा.

बाबा तिथेच खुर्ची टाकून बसले होते. मी फोर्क दाखवून सगळं समजावलं. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही बाजू पाहिल्या.

"पंचवीस वर्षांत एवढंच झिजलं?" ते म्हणाले. "मजबूत आहे माल." आणि मग, "ते कुंडीमागे काय ठेवलंयस?"

जोडताना मजा कमी, धास्ती जास्त. नव्या रिंगा आधी तेलात बुडवून ठेवायच्या, रिंगेच्या तीन खाचा स्लीव्हच्या आतल्या हबच्या तीन चाव्यांवर नेमक्या बसवायच्या. गिअर पडल्यावर हाताला जो 'खट्' लागतो तो एका स्प्रिंगचा आणि छर्ऱ्याचा. तो छर्रा उडून तुळशीवृंदावनाखाली गेला आणि आईच्या डोळ्यांना दिसला. बेअरिंग घरी बसेनात, तेवढी उद्यमनगरात प्रेसवर बसवून आणली. प्रेसवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण सल्ला दिला: "भावा, तेल जीएल-फोरच घाल. फाईव्ह भारी म्हणून घालतात, त्यातलं गंधक पितळ खातं." भारी म्हणून मी जीएल-फाईव्हचाच डबा आणून ठेवला होता. तो परत केला.

पाचव्या रविवारी संध्याकाळी गाडी बाहेर काढली. आई बसायला तयार नव्हती; "आधी तुम्ही दोघं जाऊन या" म्हणाली. पहिला, दुसरा. आवाज नाही. पुन्हा दुसरा, उगाचच. स्पीडब्रेकर, तिसरा, दुसरा, तिसरा. लोण्यात सुरी जावी तसा दांडा जात होता. रंकाळ्याचा रस्ता मोकळा मिळाला तेव्हा चौथा टाकला आणि फोर्क, भार, खोबण हे सगळं बाबांना पुन्हा एकदा सविस्तर सांगायला घेतलं.

ते खिडकीबाहेर पाण्याकडे बघत होते. माझं निम्मं सांगून झाल्यावर मान न वळवता म्हणाले,

"हात."

मी डावा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला.