पायाला भिंगरी लावलेली आजी

आज आजीचं वर्षश्राद्ध झालं. दादरला मामाकडे सगळे जमलो होतो. तिच्या जुन्या विद्यार्थिनीही आल्या होत्या, आता स्वतःच आज्या झालेल्या. "बाईंनी नकाशा काढायला लावून हात मोडले हो आमचे!" म्हणत पुरणपोळीवर तुटून पडल्या.

आजी शाळेत भूगोल शिकवायची. रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे आले, तर आजोबा म्हणाले एफडी करू. हिने रामेश्वरचं तिकीट काढलं. देवापेक्षा वाटेतला समुद्रावरचा १९१४ सालचा पांबनचा रेल्वेपूल बघायची हौस जास्त, हे माझं मत. मामीला पटत नाही. १९९८ ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली, तेव्हा आम्हा नातवंडांना घेऊन निघाली. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की खिडकीशी बसवून परीक्षा घ्यायची: वर कुठला खडक? बेसाल्ट म्हटलं की लिमलेटची गोळी.

मामाने आज तिची हिशेबाची वही काढली. शाळेच्या हजेरीपटाचीच, मागून लिहिलेली. प्रवासाचा पै न् पै खर्च, आणि शेजारी लाल शाईत शेरे. "मदुराई. इडली उत्तम. चहा पांचट. हमाल प्रामाणिक."

वही सध्या मी ढापली आहे. मामी, ही पोस्ट वाचत असशील तर झेरॉक्स मिळेल, मूळ प्रत नाही!