रिकामी वाटी

दुपारी जेवणं आटोपल्यावर भाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. लिनक्सची फाइल टॉरेंटला लावली होती. टॉरेंटमध्ये फाइल तुकड्यातुकड्याने इतरांच्या मशीनवरून येते आणि आपल्याकडचे तुकडे आपण त्यांना देतो. वेग काही वाढेना. "मामा, अपलोड अगदी कमी करून टाकू का? सगळा वेग डाउनलोडला मिळेल."

गिरगावात वाढलेल्या माणसाला असलं विचारू नये. आमच्या चाळीत वाटी रिकामी परत जात नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. एका बिऱ्हाडाकडून वाटी सारखी रिकामीच यायची, तर समोरच्या काकूंच्या कोथिंबीर वड्या त्यांचं दार सोडून पुढे जायला लागल्या. भांडण नाही, बोलणं नाही. प्रोग्रामर ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट, म्हणजे टॉरेंटमागची पद्धत, काढली ती याच हिशोबाने: जो देतो त्याला आधी, बाकीचे थांबा. मधूनच एखाद्या नवख्याला उगाच एक वडी देऊन बघायची, एवढी मायाही त्यात आहे.

पण देताना वाहवत जायचं नाही. अपलोड काठोकाठ भरलं की आलेल्या डेटाच्या आपण पाठवतो त्या पोचपावत्याच त्या गर्दीत अडकतात आणि समोरचा हात आखडता घेतो. मी अपलोडला ऐंशी टक्क्यांवर लगाम घालतो. आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडा ठेवतो, नाहीतर बाहेरच्याने आपलं दार वाजवायचं कसं?

पूर्वी एवढं करूनही काय मिळायचं? २५६ केबीपीएसची लाइन, म्हणजे सेकंदाला ३२ केबी. रात्री दोन ते सकाळी आठ मीटर बंद, म्हणजे तेवढ्या वेळात उतरवलेलं बिलात धरत नसत. सातशे एमबीची सीडी उतरायला, सगळं सुरळीत चाललं तर, सहा तास तेरा मिनिटं. ती वरची तेरा मिनिटं मला अजून खुपतात. दोनचा गजर उशीखाली दाबून मी उठायचो, मॉडेमचे दिवे भिंतीवर लुकलुकायचे आणि बाबा कूस बदलत विचारायचे, "बिल कोण भरणार?"

आता फायबर आहे. तरी घेतलं तेवढं परत दिल्याशिवाय मी टॉरेंट बंद करत नाही; बायको याला खूळ म्हणते. तिचंही खरंच असेल. एक जुनी फाइल माझ्याकडे ९७ टक्क्यांवर लटकलीय. लगाम जागेवर, पोर्ट उघडा, पण उरलेले तुकडे ज्यांच्याकडे होते ते सगळे आपापली मशीन बंद करून निघून गेले. आता वेग काय डोंबल वाढवणार?