आमचं तारेचं कंपाउंड आणि बांधकाम परवानगी

तर शेवटी ओसी मिळाली. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे नव्या घरात राहायला जायची नगरपालिकेची परवानगी. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर निम्म्या लोकांनी विचारलं की अगं वास्तुशांत तर गेल्या वर्षीच झाली ना, मग हे आता काय नवीन. झाली होती, सासूबाईंनी मुहूर्त काढलेला, तो चुकवायची माझी काय टाप, पण पूजा करून जेवणं आटोपून आम्ही सगळे परत भाड्याच्या घरी झोपायला आलो होतो आणि पुढचे कितीतरी महिने तिथंच होतो. लोकांना वाटलं यांचं काहीतरी बिनसलंय.

दोन-तीन मैत्रिणी प्लॉट घेतायत आणि सारखं फोनवर विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. गावाचं नाव घेत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं नगरपालिकेचं गाव समजा.

प्लॉट सासऱ्यांनी १९९६ ला घेतलेला, अडीच गुंठे, म्हणजे साधारण २५३ चौरस मीटर. मंजूर लेआउटमधला, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती झाल्याचा आदेश) फाइलला लावलेली, त्यामुळे आम्ही निवांत. सासऱ्यांनी त्या काळीच सिमेंटचे पोल रोवून तारेचं कंपाउंड केलेलं आणि पश्चिमेच्या तारेला लागून आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) जास्वंद लावलेली, ती आता चांगली माणसाच्या वर गेलीय. या जास्वंदीचं पुढे काम आहे.

मी ऐकलं होतं की २०२० च्या डिसेंबरात युडीसीपीआर म्हणून बांधकामाची नवीन नियमावली आली, मुंबई आणि थोडे भाग सोडून सगळ्या राज्याला एकच, आणि त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला जवळजवळ परवानगीच लागत नाही आणि ३०० पर्यंतच्याला दहा दिवसांत मिळते. पेपरात मोठ्ठी बातमी होती. आम्ही २५३ वाले, म्हणजे दहा दिवस, असं मी कॅलेंडरवर गोल करून ठेवलं. खरं सांगू का, ते दहा दिवस खोटे नाहीत पण ते मोजायचे कधीपासून तर सगळी कागदं पुरी होऊन फाइल आत गेल्यापासून, आणि आमची फाइल आत जायलाच पाच महिने लागले. आणि १५० वाल्यांनाही परवानगी लागत नाही म्हणजे वाट्टेल ते बांधा असं नाहीये बरं का, नकाशा आणि आर्किटेक्टचा किंवा लायसन्स्ड इंजिनिअरचा दाखला द्यायचाच असतो, शुल्क भरायचंच असतं, नियम सगळे तेच. फक्त ती भरल्याची पावती हीच परवानगी धरतात.

पाच महिने कशात गेले तर पहिलं सातबारा. सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव, ते जाऊन चार वर्षं झालेली. मग वारस नोंद, तलाठी भाऊसाहेब आठवड्यातून दोन दिवस सापडायचे, मग फेरफार, त्याची पंधरा दिवसांची नोटीस, मग नणंदेचं नाव लागलं तर तिचं हक्कसोडपत्र, ती पुण्याला, तिला सुट्टी नाही, ती आली तर सबरजिस्ट्रारकडे सर्व्हर डाउन. तिने एका शब्दाने कटकट केली नाही हे इथे लिहून ठेवते कारण या टप्प्यावर भावंडांची तोंडं कायमची फिरलेली मी पाहिलीयत.

मग मोजणी. आमच्या इंजिनिअरने पहिल्याच दिवशी सांगितलेलं की वहिनी आधी मोजणी करून घ्या, मगच मी पेन्सिल उचलतो. मला वाटलं लेआउट मंजूर आहे, तार आहे, कशाला उगाच खर्च. पण गडी ऐकेना. तातडीचे पैसे भरले, लागूनच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या, भूकरमापक रोव्हर मशीन घेऊन आला, अर्ध्या तासात खुणा करून गेला आणि महिनाभराने क प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, हातात आली. क्षेत्र भरलं २४६. सात चौरस मीटर गेले कुठे? इंजिनिअर म्हणाला कुठे गेले नाहीत, ते नव्हतेच. कागदावरचं आणि मोजणीचं यात जे कमी भरेल तेच धरतात, त्यामुळे आता आपण २४६ वाले. मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१ म्हणजे २७० चौरस मीटरच्या आसपास, आम्हाला तेवढं बांधायचंच नव्हतं, त्यामुळे मी ते सोडून दिलं आणि क प्रत फाइलला लावून मोकळी झाले. ती नीट वाचायला हवी होती.

एफएसआयबद्दल एकच सांगते, पूर्वी बाल्कनी, जिना असलं बरंच काही मोजणीबाहेर सुटायचं, आता पी-लाइन म्हणजे बाहेरच्या कडेने रेष मारायची आणि आतलं सगळं धरायचं. त्याच्या बदल्यात ॲन्सिलरी म्हणजे जोडीचा एफएसआय म्हणून घरांना ६० टक्के वर घेता येतो, पण तो पैसे भरून. जुन्या घरांचा हिशोब सांगणाऱ्या काकांचं म्हणूनच ऐकायचं नाही, त्यांच्या वेळचं गणितच वेगळं होतं.

नकाशा ऑनलाइन टाकायचा असतो. ते सॉफ्टवेअर एकेक रेघ वेगळ्या लेअरवर मागतं आणि एक रेघ चुकीच्या लेअरवर गेली तर संडासाची खिडकीच नाही असं सांगून फाइल परत पाठवतं. तीनदा परत आली. मग विकास शुल्क, लेबर सेस म्हणजे बांधकाम मजुरांसाठीचा उपकर एक टक्का (आमच्या वेळी स्वतःच्या राहत्या घराला दहा लाखांच्या आत खर्च असेल तरच माफी, आता दहा लाखांत घर होतं कुठे), असं सगळं भरून एकदाची परवानगी आली. दहा नाही, एकोणीस दिवसांत. कायद्यात म्हणजे १९६६ च्या एमआरटीपी या नगररचनेच्या कायद्यात साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची सोय आहे, पण बांधकाम नियमात बसत असेल तरच, त्यामुळे त्या भरवशावर जेसीबी लावणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आता जास्वंद.

लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करायच्या दिवशी मिस्त्री सकाळी सातला आला, नारळ फोडला, सुतळी आणि फक्की घेऊन कामाला लागला. मंजूर नकाशात पुढे तीन मीटर सोडायचे आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड-दीड. मिस्त्रीने पश्चिमेचे दीड मीटर कुठून मोजले? तारेपासून. कुणीही तारेपासूनच मोजेल, पंचवीस वर्षं ती तार म्हणजेच आमची हद्द, आईंची जास्वंद तिला टेकून उभी. फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या, दुसऱ्या दिवशी फुटिंगचे म्हणजे पायाचे खड्डे मारले, पश्चिमेच्या ओळीतले चार खड्डे पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) टाकून तयार. सळई संध्याकाळी येणार होती.

इंजिनिअर दुपारी आला. त्याने काय केलं तर खिशातून क प्रत काढली, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा मोजणीचा दगड शोधला (त्यावर आमच्याच वाळूचा ढीग पडलेला), फावड्याने वाळू सारली आणि टेपचं टोक त्या दगडावर धरून मला म्हणाला वहिनी दुसरं टोक धरा. टेप तारेच्या अलीकडेच थांबला. तार हद्दीच्या बाहेर, शेजारच्या काकूंच्या प्लॉटमध्ये एक फूट गेलेली. एक फूट म्हणजे तीस सेंटिमीटर, म्हणजे आमचं पश्चिमेचं अंतर दीड मीटर नाही, एक मीटर वीस. जे सात चौरस मीटर नव्हतेच, ते हेच, निदान बरेचसे.

मिस्त्री म्हणाला साहेब फूटभराने काय होतंय, सगळ्यांची असतात. इंजिनिअर शांतपणे म्हणाला, जोतं तपासायला माणूस आला की तो तुझ्या तारेपासून नाही मोजणार. चार खड्डे बुजवले, एक फूट आत नवीन मारले, हॉल एक फुटाने आखडला, नकाशात किरकोळ फेरबदल दाखवले. दोन दिवस आणि जेसीबीचं भाडं. सळई पडून कॉलम उभे राहिले असते तर काय, हा विचार मी अजूनही रात्री करते.

जोत्याची तपासणी, लोक प्लिंथ चेकिंग म्हणतात, ती पंधरा मिनिटांत झाली. माणूस आला, चारी बाजूंनी टेप लावला, फोटो काढले, गेला. चहा पण नाही घेतला. परवानगीवर वर्षाची मुदत असते आणि तोवर काम जोत्यापर्यंत आलं नाही तर वाढवून घ्यावी लागते, आमचं वेळेत आलं.

खरा वैताग शेवटी. घर पूर्ण, रंग झाला, पूर्णत्वाचा दाखला इंजिनिअरने जोडला, ओसीचा अर्ज टाकला आणि फाइल एका टेबलावर जाऊन बसली. दर वेळी एक नवीन त्रुटी, तीही एकेकच, सगळ्या एकदम सांगितल्या तर पाप लागतं बहुतेक. एकदा एक गृहस्थ जिन्यात गाठून म्हणाले मॅडम तुम्ही फार वर खेपा घालता, खाली कँटीनला बसून बोलू की. मी बसले नाही. त्याबद्दल नवऱ्याचं आणि माझं आठवडाभर भांडण झालं, तो म्हणत होता की भाडं आणि हप्ता दोन्ही भरतोय आपण, तुझं तत्त्व महाग पडतंय. चुकीचं नव्हता बोलत. मी दर सोमवारी लेखी अर्ज देऊन पोच घेत राहिले, एवढंच.

मध्ये लोकांचे सल्ले. आमच्या मागच्या गल्लीत तिघांनी ओसी घेतलीच नाहीये, घरपट्टी भरतो की आम्ही, मग घर कायदेशीरच ना. नाही हो. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम मंजूर असं कुठेच लिहिलेलं नाही, खेड्यात नमुना आठला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत) नाव लागतं त्याचंही तेच. पिंपरी-चिंचवडला विनापरवाना घरांना वर्षानुवर्षं शास्ती म्हणजे दंडाचा कर लागत होता, कराच्या दुप्पट, २०२३ मध्ये ती शास्ती माफ झाली, पण शास्ती भरल्याने किंवा माफ झाल्याने घर नियमित होत नाही. आणि वरळीच्या कॅम्पा कोला सोसायटीत तर लोक कितीतरी वर्षं राहत होते, मंजुरी पाच मजल्यांची होती, वरचे मजले बेकायदा, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ते पाडायचाच निकाल दिला. १७ डिसेंबर २०२४ ला त्याच कोर्टाने आणखी स्पष्ट सांगितलंय की ओसी बघितल्याशिवाय वीज-पाण्याचं कायमचं कनेक्शन द्यायचं नाही आणि बँकांनीही तारण म्हणून घेताना ती बघायची. मी त्या निकालाची बातमी प्रिंट काढून नवऱ्याच्या डब्यात ठेवली होती. भांडण मिटलं.

ओसी आली त्याच आठवड्यात ग्रिलवाला येऊन गेला. बाल्कनी पॅक करून घ्या, आता कोण बघतंय. मिस्त्रीने पण फोन केला की गच्चीवर एक खोली काढू, पत्र्याचीच. बघू म्हटलं, म्हणजे नाही.

कंपाउंडची भिंत मोजणीच्या दगडावरून बांधली, तार काढून टाकली. जास्वंद पलीकडे गेली, काकूंच्या हद्दीत. आईंनी दोन दिवस तोंड फिरवून घेतलं होतं, मुळासकट हलवू म्हणाल्या पण एवढं मोठं झाड जगलं नसतं. काकू स्वतःच येऊन म्हणाल्या की अहो फुलं तुमचीच, तोडत जा. आई जातात रोज सकाळी परडी घेऊन. पूर्वी दारातून हात लांबवला की मिळायची, आता रस्त्यावरून वळसा घालून त्यांच्या गेटची कडी काढून.