तीन वल्ह्यांची मादी

गाईला सलाईन लावायचं तर मानेवरची शीर बॅटरीच्या उजेडातही हाताला लागते. समुद्री कासवाला ते कुठून द्यायचं, हे पदवीच्या वर्षांत आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. वन्यप्राण्यांचा भाग परीक्षेपुरता उरकायचा आणि विसरायचा, असाच तेव्हा रिवाज होता. मला जे थोडंफार येतं ते भीमगड अभयारण्याच्या कडेला राहिल्यामुळं. रात्री-अपरात्री वनखात्याची जीप दारात थांबते आणि पोत्यातून अजगर नाहीतर फासात सापडलेली घोरपड बाहेर निघते. मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात गुरांचा डॉक्टर आहे. अडलेल्या म्हशी, फऱ्या, घटसर्प, लाळ-खुरकत हे माझं रोजचं काम.

दसऱ्याच्या सुट्टीत आंबोली घाट उतरून आम्ही वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यावर राहायला गेलो होतो. औषधांची पेटी गाडीच्या डिकीत होती, ती कायमच असते. ज्यांच्याकडं उतरलो होतो त्यांचं वासरू आदल्या संध्याकाळी पोट फुगून पडलं होतं, ते बघितल्यामुळं गावात मी डॉक्टर आहे हे कळलं होतं. सकाळी एक रापणकर काका, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, अंगणात येऊन उभे राहिले.

"डॉक्टरानु, जरा येतास काय? कासव गावलाहा, जाळ्यात. जिता आसा काय मेला ताच कळना नाय."

ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव होतं. शेपूट आखूड, म्हणजे मादी. वजन पस्तीस-चाळीस किलोंच्या आसपास. हिरवट नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा डाव्या पुढच्या पायाला खांद्याजवळ पीळ पडून बसला होता. हे जाळं कुणी तिच्यासाठी टाकलेलं नव्हतं. समुद्रात तुटून सुटलेली जाळी कुणाची नसतात, ती वर्षानुवर्षं वाहत राहतात आणि सापडेल त्याला धरतात. डोळे खोल गेलेले, पोटाकडचं कवच आत ओढलेलं, पाठीवर शिंपल्यांची पुटं. इतकी पुटं चढलेली म्हणजे हे जनावर बरेच दिवस नीट पोहलेलं नाही.

तोवर पर्यटक जमले होते. निम्मे मोबाईल धरून आणि निम्मे "पाण्यात ढकला, पाण्यात ढकला" असं ओरडत. एकजण बाटलीनं तोंडात पाणी ओतायला निघाला होता, त्याचा हात मला धरावा लागला. कासव फुफ्फुसांनी श्वास घेतं. एवढ्या अशक्त कासवाला पाण्यात ढकललं की ते वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. मदत करायची इतकी घाई असलेली माणसं एक मिनिट थांबून विचारत का नाहीत, याचा मला अजून राग येतो. रापणकर मात्र शहाणे होते. त्यांनी आधीच तिला सावलीत घेऊन पाठीवर ओलं गोणपाट टाकलं होतं, डोळे-नाकपुड्या उघड्या ठेवल्या होत्या आणि वनरक्षकाला फोन केला होता. महाराष्ट्रात 2018 च्या शेवटापासून संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पण ही माणसं त्याच्याही आधीपासून कासव सोडत आलीत, नारळ ठेवून.

शेपटीजवळ बोट लावलं, आखडून घेतलं. जिवंत होती.

वनरक्षक आला आणि पहिली अडचण कागदाची निघाली. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, आणि मी कर्नाटकात नोंदणी झालेला डॉक्टर. पंचनाम्यात माझ्या नावापुढं काय लिहायचं? आमच्या सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. पोरगा समंजस होता. त्यानं तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी मला दोन-तीन नेमके प्रश्न विचारले आणि प्रथमोपचार करा म्हणाले.

जाळं ओढायचं नाही, हे मी सगळ्यांना आधी बजावलं. पीळ मांसात उतरलेला असतो. एक टोक ओढलं की आतली दोरी करवतीसारखी फिरते. जागा बधिर करायला लिग्नोकेन टोचलं, टाके कापायच्या बारीक कात्रीनं एकेक दोरा उचलून कापला आणि चिमट्यानं उलट्या दिशेनं सोडवला. हाडापर्यंत गेलेले दोरे सगळ्यात शेवटी. त्याखालचा पाय थंड, काळपट आणि दुर्गंधी येणारा. तो वाचणार नव्हता. पण मेलेलं आणि जिवंत मांस नेमकं कुठं वेगळं होतंय ते स्पष्ट दिसल्याशिवाय पाय काढायचा नसतो, आणि ते काम वाळूत करायचं नव्हतं.

सलाईन मागच्या पायापुढच्या खळगीतून पोटाच्या पोकळीत दिलं. वेदनाशामक मात्र उजव्या खांद्याच्या मांसात, कारण सरपटणाऱ्यांच्या मागच्या अंगातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडं जाऊ शकतं आणि तिथं टोचलेलं औषध कामाला येण्याआधीच बाहेर पडायची शक्यता असते. पेटीतलं वेदनाशामक म्हणजे मेलॉक्सिकॅम. ते माझ्या पेटीत का असतं, हे मला त्या वाळूत प्रकर्षानं आठवलं. आमच्या धंद्यात पूर्वी डायक्लोफिनॅक सर्रास वापरलं जायचं. टोचलेलं जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. देशातल्या गिधाडांच्या काही जाती जवळजवळ संपल्या. 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं आणि मेलॉक्सिकॅम आलं. बंदीबरोबर दुसरं काम हरियाणात पिंजोरला चाललं होतं, गिधाडं मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांची पैदास करायचं. पुढं तिथले पक्षी बाहेर सोडलेही गेले.

म्हणून पिंजरा म्हटला की नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. सुसरींचंही तेच. 1975 नंतर अंडी गोळा करून, पिल्लं बंदिस्त जागेत वाढवून नद्यांत सोडली म्हणून चंबळेत आज सुसर दिसते.

पण माझं उलट टोकाच्या माणसांशीही जमत नाही. बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणी संग्रहालयात मी मुलीला घेऊन गेलोय. तिथं सिंहापुढं उभं राहून शिट्ट्या मारणारी, झोपलेलं जनावर उठावं म्हणून जाळी बडवणारी माणसं बघितलीत. त्यांतलं कुणी वन्यजीवांवर प्रेम घेऊन घरी गेलं असेल यावर माझा विश्वास नाही. आणि आमच्या भीमगडातल्या बारापेडे गुहेत राउटनच्या नावानं ओळखलं जाणारं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ आहे. 1913 मध्ये त्याची नोंद झाली आणि पुढं कित्येक दशकं जगात ते फक्त तिथंच माहीत होतं. त्याला कुठल्या पिंजऱ्यात ठेवून वाचवणार? त्याचं रक्षण म्हणजे गुहेकडं माणूस जाऊ न देणं. त्याला तिकीट लागत नाही, म्हणून त्याच्याबद्दल आमच्या तालुक्यातही कुणी बोलत नाही.

माझ्या मनात एकच कसोटी पक्की होती. जनावर आत का आहे, आणि त्याला बाहेर जायची वाट आहे का? या मादीनं ती कसोटीच हलवली.

वनखात्यानं तिला उपचार केंद्रात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय खांद्याच्या सांध्यातून काढला. अर्धा ठेवला असता तर खुंट घासून सडला असता. त्यांचं काम उत्तम होतं, फोटो बघूनच कळलं. प्रतिजैविक तीन दिवसांतून एकदा. म्हशीला सकाळ-संध्याकाळ टोचणाऱ्या माझ्या हाताला हे फार सावकाश वाटतं, पण तिच्या शरीराचा वेगच तसा आहे. जखम भरली. ती मासे खायला लागली. पण पोहताना एका अंगाला कलते, आणि बुडी मारली की लवकर वर येते. टाकीत ते चालतं, समुद्रात तेवढ्यात बोटीचा पंखा लागतो.

मग कुठल्याशा मत्स्यालयानं तिला कायमचं ठेवून घ्यायची तयारी दाखवल्याचं कानावर आलं. काच, दिवे, तिकीट. जखम पहिल्यांदा बघितलेला डॉक्टर म्हणून एका वनाधिकाऱ्यांनी माझं मत विचारलं.

मी लिहून कळवलं: ती तळाशी जाऊन थांबत असेल आणि जिवंत खेकडा स्वतः पकडत असेल, तर सोडावी. तीन वल्ह्यांची कासवं समुद्रात जगल्याची उदाहरणं आहेत. तिचे मागचे दोन्ही पाय शाबूत आहेत आणि कासवाची मादी घरटं मागच्या पायांनीच खणते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. काचेमागं ती कितीही वर्षं जगली तरी त्यातलं एक पिल्लू समुद्राला मिळणार नाही.

पत्र पाठवल्यावर मुलीनं विचारलं, "पण बाबा, ती मेली तर?" तिला सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. टाकीत ती नक्की जगेल. रोज सकाळी तिला मासे मिळतील. जनावर जगवणं हाच माझा धंदा आहे. शेतकऱ्याच्या दारात उभा असताना मी असला जुगार कधी सुचवत नाही.

2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं आणि ती कुठं जाते ते लोकांनी बघितलं होतं. हिलाही तसं यंत्र लावा, म्हणजे आपला निर्णय बरोबर होता की चूक ते कळेल, असं मी आता दुसऱ्या पत्रात सुचवलंय. पण आधीच एका बाजूला कलणाऱ्या कासवाच्या पाठीवर ते वजन पेलेल का, आणि आपल्याला कळावं म्हणून तिच्यावर ते लादायचं का, हेही त्याच पत्रात विचारलंय. केंद्रातले डॉक्टर पुढच्या आठवड्यात तिला खोल टाकीत उतरवून बघणार आहेत.